पेलेनातोमामांचं गोंदण

पेलेनातो ते वाक्य नुसतं शोभेसाठी बोलला होता. चारचौघांत उभं राहून भाषण करायचं म्हटलं की अशी चार वाक्यं लागतातच. पाहुणे आले की आपण टेबलावर प्लास्टिकची फुलं ठेवतो, त्यातलाच प्रकार. ती कोणी खरी समजून घरी घेऊन जाईल असं कुणाच्या मनातही येत नाही.

बैठक भरली होती त्याच्या थोरल्या बहिणीच्या, फुआतिनोच्या, मुलासाठी. हा मनासे सिडनीहून सामोआला पेआ करून घ्यायला आला होता. कमरेपासून गुडघ्यापर्यंत सगळं अंग गोंदवून घ्यायचं, त्याला पेआ म्हणतात, आणि तो एकट्याने कधी करून घेत नाहीत. जोडीदार लागतो. एकाचं अंग चालू असताना दुसऱ्याने शेजारी बसायचं, मग उलट. दुःख वाटून घेतलं की निम्मं होतं, असं जुनी माणसं सांगतात. पेलेनातोला पुढे असं आढळून आलं की ते दुप्पट होतं, कारण आपलं भोगायचं ते भोगायचंच आणि वर दुसऱ्याचं बघायचं.

मनासेने जोडीदार म्हणून सिडनीचाच एक दोस्त बरोबर आणला होता. त्याच्या दंडांवर गुलाब, साप, वाघ आणि एका मुलीचं नाव इतकं सगळं आधीच होतं, त्यामुळे घरचे निर्धास्त होते. त्या दोस्ताने गोंदायची फणी पाहिली, फणीवर मारायची काठी पाहिली, "मशीन कुठंय?" असं विचारलं आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने तो परत गेला.

आता आली पंचाईत. गोंदणारे उस्ताद, तुफुगा लाफाएले, यांना निमंत्रण गेलेलं. मेजवानीची डुकरं ठरलेली. चटया विणून तयार. बैठकीत सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसले. अशा वेळी कुणीतरी बोलून शांतता मोडावी लागते आणि आमच्या पेलेनातोला ते काम बिनपगारी आवडतं. वाहन परवाना कार्यालयात सहायक अधिकारी, वय सत्तेचाळीस, पोट वयाच्या थोडं पुढे. तो उठला, घसा साफ केला, पूर्वज झाले, समुद्र झाला, आणि भाषणाच्या भरात म्हणाला, "माझं तरुणपण मागे गेलं नसतं तर मीच झोपलो असतो त्या चटईवर. माझ्या बहिणीच्या मुलासाठी माझं हे कातडंसुद्धा हजर आहे!"

"मालो! मालो!" सगळे म्हणाले, म्हणजे शाबास. इथपर्यंत सगळं रीतसर होतं.

मग फुआतिनो बोलली. "भावाने शब्द दिलाय," ती म्हणाली. "ठरलं तर मग."

आता सामोआत भावाने बहिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो. इतर देशांत माणसं देवाला घाबरतात, पोलिसांना घाबरतात; आमच्याकडे पन्नाशीचा, मिशीवाला, दोन मोटारींचा मालक असलेला माणूससुद्धा थोरल्या बहिणीपुढे आवाज चढवत नाही. पेलेनातो उभा होता तिथेच खाली बसला. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते, आणि या पाठीचं पुढे काय होणार आहे ते त्याच्या हळूहळू लक्षात येत होतं.

घरी आल्यावर त्याची बायको सिनापातीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही इंजेक्शन घेताना माझा हात धरता."

"तो वेगळा प्रश्न आहे," पेलेनातो म्हणाला.

"मग जा आणि सांगा ताईंना, जमणार नाही म्हणून."

"मी? ताईला?"

सिनापाती जेवण वाढायला लागली. तिलाही दोन भाऊ होते.

खरी भीती दुखण्याची नव्हती. म्हणजे ती होतीच, पण तिच्यावर आणखी एक भीती बसली होती. पेआ सुरू करून मध्येच सोडला तर माणूस जन्मभर 'अर्धवट' म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्याबरोबर अख्खं घराणं. गावात एकाने पेलेनातोच्या आजोबांच्या काळात तसा सोडला होता. तो माणूस गेला, त्याचं घरही वादळात गेलं, पण बस अजून 'अर्धवटाच्या वळणावर' थांबते. आपल्या नावाचा बसथांबा होऊ नये, एवढीच पेलेनातोची आता आयुष्याकडून अपेक्षा उरली.

रजेपासून सुरुवात झाली. त्याची साहेबीण एतेविसे चष्म्यावरून बघत म्हणाली, "कारण काय लिहू?"

"आजारपण."

"आजारी आहात?"

"अजून नाही. पुढच्या सोमवारपासून."

"असं आधी ठरवून आजारी पडता येत नाही. परंपरेच्या कामासाठी वेगळी रजा आहे, पण तिला गावच्या प्रमुखाचा दाखला लागतो."

गावचा प्रमुख भला माणूस. त्याने आवा, म्हणजे मुळांचं मानाचं पेय, पाजलं, पाय पसरायला सांगितले आणि म्हणाला, "दाखला देतो की. पेआ पुरा झाला की ये."

"पण मला रजा आधी पाहिजे."

"आधी कसा देऊ? उद्या तू मध्येच उठून पळालास तर माझी सही एका अर्धवटावर राहील. माझ्या पदाचा विचार कर ना."

पेलेनातो त्याच्या पदाचा विचार करत ऑफिसात परत आला आणि स्वतःची वर्षभराची साठवलेली रजा मागितली. त्याची दया आली म्हणून असेल, पण एतेविसेने विचारलं, "पण का करून घेताय हे, या वयात?"

हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कोणीतरी सरळ विचारला होता. बहिणीला नाही म्हणता आलं नाही, असं सांगणं परवाना कार्यालयात शोभलं नसतं. तो म्हणाला, "आपल्या संस्कृतीसाठी."

एतेविसेचे डोळेच भरून आले. ती म्हणाली, "माझे वडील याच ऑफिसात होते. तेव्हाचे साहेब त्यांना म्हणायचे, गुडघ्याखाली रेघ दिसली तर उन्हाळ्यातसुद्धा लांब मोजे घाला. आणि आज बघा!" आणि तिने तिथल्या तिथे जाहीर केलं की स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत ऑफिसच्या फलकापुढे पेलेनातो उघड्या अंगाने चालेल.

पाद्रीबाबांकडेही जाणं भाग होतं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, देहाचं पावित्र्य, जुन्या मिशनऱ्यांचा उपदेश, सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं, "मग, का करून घेतोस?"

संस्कृती इथे चालली नसती. "मोठ्यांची सेवा करता यावी म्हणून," पेलेनातो म्हणाला.

"हं," पाद्रीबाबा म्हणाले. "तुफुगा कोण?"

"लाफाएले."

"अरे बापरे. मांडीच्या मागच्या बाजूला त्याचा हात फार जड आहे," पाद्रीबाबा पटकन बोलून गेले आणि मग बराच वेळ खिडकीबाहेरच्या फणसाकडे बघत राहिले. त्यांचा पांढरा कोट आणि लुंगीसारखा लांब लावालावा यांच्या खाली काय काय दडलंय, असा विचार करत पेलेनातो घरी आला. जो माणूस करू नको म्हणतो त्याने केलेला, आणि ज्याला करायचा नाही तो करतोय. हे गणित कुठून सोडवायला घ्यावं ते त्याला कळेना.

शेजारी वाएलुआला मात्र सगळं कळत होतं. हा निवृत्त पोलीस. त्याच्या मनगटावर जहाजावरच्या नोकरीतला एक नांगर होता, तो आता पुसट होऊन कोंबडीच्या पायासारखा दिसायचा. पण तेवढ्या बळावर तो गोंदणातला अधिकारी समजला जाई. "दुखायला लागलं की स्तोत्र म्हण," तो म्हणाला. "पण मोठ्याने नको, उस्तादाचा ठेका चुकतो. आणि का करतोयस रे तू?"

"रक्त शुद्ध होतं म्हणतात," पेलेनातो म्हणाला. आता त्याच्या तोंडाला सवयच लागली होती.

आदल्या दिवशी आरोग्य खात्याची माणसं येऊन गोंदणासाठी उभारलेली शेड बघून गेली. फणी उकळा, हातमोजे घाला, चटईवर प्लास्टिक अंथरा. नियम चांगलेच होते, फक्त ते ज्याने केले तो मार्च महिन्यात उघड्या अंगाने प्लास्टिकवर पालथा झोपलेला नसावा. पहिल्या दिवशी काम संपल्यावर पेलेनातोला दोघांनी धरून उठवलं तेव्हा प्लास्टिकही बरोबर उठलं.

त्या पहिल्या दिवसाबद्दल काय सांगायचं! टक टक, टक टक, टक टक. बायका गात होत्या, कोणी माश्या वारत होतं, फुआतिनो डोक्याशी बसून पंख्याने वारा घालत होती. कातडं ताणून धरायला उस्तादाबरोबर दोन माणसं असतात; पेलेनातोच्या कमरेला हात लावून बघितल्यावर लाफाएले म्हणाले, "तिसरा बोलवा. कातडं पुष्कळ आहे." बायकांचं गाणं मध्येच डळमळलं. इतक्या यातनेतसुद्धा त्याला लाज वाटली, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

पहिली रेघ उठली आणि परतीची वाट बंद झाली. रोज उठायचं, मनासेचं बघायचं, आपलं भोगायचं, मग अंग चोळून चोळून धुतात ते सोसायचं. एकट्याने कुठे जायचं नाही, भुतंखेतं झपाटतात. त्यामुळे संडासलासुद्धा एक मावसभाऊ गाणं म्हणत बरोबर. मामा-भाचे रात्रंदिवस एका शेडमध्ये पालथे पडून असायचे. एकदा मनासेने विचारलं, "मामा, तुम्हाला कधी पळून जावंसं वाटतं का हो?"

"छे!" पेलेनातो म्हणाला. त्या दिवशी सकाळपासून तो दुसरा विचारच करत नव्हता. "तुला?"

"छे," मनासे म्हणाला.

मिरवणुकीतल्या लावालावासाठी माप घ्यायला एतेविसे आली, तिने 'संस्कृती' सांगितली. पाद्रीबाबांची बायको टारोचे कंद घेऊन आली, तिने 'सेवा' सांगितली. वाएलुआ रक्तशुद्धीचं सांगत होता. तिघांची शेडच्या दारात गाठ पडली आणि खरं कारण कोणतं यावर अर्धा तास वाद झाला. पेलेनातोला मत विचारलं तेव्हा तो तोंड उशीत खुपसून "टक टक झाल्यावर सांगतो" म्हणाला. त्याला स्वतःलाच ऐकायची उत्सुकता होती.

असं करता करता पाठ झाली, मांड्या झाल्या, गुडघे झाले. उरली फक्त बेंबी. पोटावर बेंबीभोवती शेवटचं नक्षीकाम करतात, तेव्हा पेआ पुरा होतो. तेवढं राहिलं तर बाकी सगळं असूनही माणूस अर्धवटच. लाफाएलेंचा नियम असा की जोडी एकत्र सुरू होते आणि एकत्रच संपते; एकाची बेंबी करून दुसरा सोडायचा नाही.

त्या सकाळी पेलेनातो उठला तर शेजारची चटई रिकामी. मनासेची पिशवी गायब.

"संध्याकाळी मी फक्त त्याच्याशी दोन शब्द बोललो," वाएलुआ म्हणाला. त्याचं तोंड पडलं होतं. "म्हटलं, बेंबीच सगळ्यात वाईट. जहाजावर एक होता, तो बेंबीच्या वेळी बेशुद्ध पडला तो तिसऱ्या बंदरात शुद्धीवर आला. मला वाटलं, पोराला आधीच कल्पना असलेली बरी."

इतके दिवस पळायचं पेलेनातोने ठरवायचं आणि पळाला कोण? आता भाचा सापडला नाही तर इतकं सगळं सोसून दोघेही जन्माचे अर्धवट, फुआतिनोचा मुलगा आणि फुआतिनोचा भाऊ, दोन्ही. बहिणीने चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसायचं? पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या पोटापेक्षा तिची काळजी वाटली.

"सावाई बेटावर जाणारी बोट," सिनापाती म्हणाली. "बापाकडची माणसं तिकडेच आहेत त्याची." तिने पिकअपची किल्ली घेतली. पेलेनातोला एकट्याने जाता येत नव्हतं, म्हणून दोन मावश्या चढल्या, गाणारा मावसभाऊ चढला आणि भरपाई म्हणून वाएलुआ चढला. पेलेनातोला बसता येत नव्हतं. तो मागे टपाला धरून उभा राहिला, अंगाला तेल, कमरेला लावालावा, आणि मुलिफानुआच्या धक्क्यापर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक गावाने त्याला हात केला. त्यानेही केला. हात न करणं वाईट दिसलं असतं.

धक्क्यावर सगळी माणसं बाकांवर बसली होती. एकटा मनासे उभा होता. तोही बसू शकत नव्हता, म्हणून लांबूनच ओळखू आला. हातात नारळाच्या दुधातला गोड पाव होता आणि तो तसाच धरून रडत होता.

दोघे पाय फाकवून समोरासमोर उभे राहिले. इकडच्या तिकडच्या लोकांनी बाक वळवून घेतले.

"चल घरी," पेलेनातो म्हणाला.

"मामा, खरं सांगा. तुम्ही का करून घेताय?"

पेलेनातोने तोंड उघडलं. संस्कृती आली, सेवा आली, रक्त आलं, सगळी ओठापर्यंत येऊन परत गेली. "मला माहीत नाही रे," तो म्हणाला. "तुझ्या आईला नाही म्हणता आलं नाही. बाकी मी सगळ्यांना थापा मारल्या. आणि मला रोज पळून जावंसं वाटलंय. तू पहिला गेलास म्हणून मी राहिलो, नाहीतर मीच या रांगेत असतो."

मनासेने नाक पुसलं. "सिडनीत लोक विचारतात तू कुठला. सामोआ म्हटलं की म्हणतात, छान, पण जन्म कुठला? जन्म तर सिडनीचाच. मग ते हसतात. म्हटलं, हे अंगावर असलं की कुणी विचारणार नाही. पण बेंबीला मी मरेन हो मामा."

"आधी तुझी करू," पेलेनातो म्हणाला. "मी हात धरतो. मला धरायची सवय आहे, म्हणजे, धरून घ्यायची."

इतक्यात टारोच्या टोपल्या घेऊन बसलेली एक म्हातारी ओरडली, "अरे, बेंबीच राहिलीय ना फक्त? मग इथे काय उभा आहेस घोड्या! आमच्या बोटीत अर्धवट माणूस नको. सावाईवाले म्हणतील, उपोलू बेटावरचा टाकाऊ माल आमच्याकडे पाठवतात." वर बोटीच्या कठड्याला टेकून खलाशी ऐकत होते, त्यांनी दोर सोडायचे थांबवले होते. "जा रे बाबा," त्यातला एक म्हणाला, "आम्हाला उशीर होतोय." मनासे रडता रडता हसला आणि पिकअपमध्ये चढून मामाशेजारी उभा राहिला. परतीच्या रस्त्यावर गावांनी पुन्हा हात केले.

लाफाएले शेडमध्ये शांतपणे कोको पीत बसले होते. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. मनासे झोपला, पेलेनातोने त्याचा हात धरला, पोराने तो असा दाबला की पुढे आठवडाभर पेलेनातोला सही करता आली नाही. बेंबी पुरी झाली. पेलेनातो मोठा श्वास घेऊन आडवा होणार, तोच उस्तादांनी आभाळाकडे बघितलं, फणी धुतली आणि म्हणाले, "ऊन उतरलं. तुझं पोट मोठं आहे, त्याला चांगला उजेड पाहिजे. उद्या."

आणि आता मनासे पुरा आणि हा अर्धवट! रात्रभर त्याला वाटत राहिलं, उद्या उस्तादांना सर्दी होईल, वादळ येईल, जग बुडेल, आणि ते होऊ नये म्हणून तो देवाला विनवत राहिला. ज्या गोष्टीपासून पळायचं होतं तिच्यासाठी आपण देवाची प्रार्थना करतोय, हे ध्यानात आल्यावर त्याने प्रार्थना थांबवली, थोडा विचार केला आणि पुन्हा सुरू केली.

सकाळी लख्ख ऊन पडलं. टक टक, टक टक. वाएलुआने बेंबीबद्दल सांगितलं होतं त्यातला शब्दन् शब्द खरा निघाला. पण झालं. मग दोघांना शेजारी शेजारी बसवलं, रीतीप्रमाणे डोक्यावर अंडी फोडली, अंगाला तेल चोपडलं, बायकांनी नाच धरला. पेलेनातो केसांतून निथळणारं अंडं पुसत होता आणि त्याला इतकं हलकं वाटत होतं की आपण रडतोय हे त्याला उशिरा कळलं.

पाहुणे पांगल्यावर फुआतिनो आली आणि चटईच्या टोकाला बसली. "पेलेनातो, एक सांगू? रागावू नकोस."

"बोल ना, ताई."

"त्या दिवशी बैठकीत तू पोट पुढे काढून म्हणालास, कातडं हजर आहे. मागे पोरं तोंडात लावालावा कोंबून हसत होती. मला ते बघवेना. म्हणून म्हटलं, शब्द दिलाय, ठरलं. लगेच गप्प बसली सगळी. म्हटलं, चार दिवस तुझा मान राहील. मग तू मागच्या दाराने येशील, ब्लडप्रेशरचं सांगशील, आणि मी सोडून देईन. तुझ्या जागी झोपायला सावाईच्या तोमासीला मी तेव्हाच निरोप पाठवला होता. तो बॅग भरून बसलाय अजून."

पेलेनातो अंडं पुसायचं विसरला. "मग... मला सांगितलं का नाहीस?"

"मी कसं सांगू? दिलेला शब्द परत घे म्हटलं असतं तर तुझा अपमान झाला असता. रोज मी कोको करून तुझी वाट बघायचे. पंखा हलवतानासुद्धा वाटायचं, आता म्हणेल, ताई पुरे."

"आणि मला वाटत होतं, आता तू म्हणशील, राहू दे."

मग फुआतिनोच्या ओठांचे कोपरे थरथरले. "नाही आलास तेच बरं केलंस," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसावेत तसे तिने लावालावाच्या टोकाने पुसले. "काल तू माझ्या पोराला घेऊन आलास, तेव्हा मी शेडच्या मागे उभी राहून ओरडून रडले."

पेलेनातोला एकदम हसू फुटलं. ते थेट पोटातून आलं आणि पोटाने तिथल्या तिथे अशी कळ मारली की तो "आई गं!" करून वाकला. ते बघून फुआतिनोला हसू आलं, तिचं बघून त्याला पुन्हा, आणि पुन्हा कळ.

"हसवू नकोस, ताई," तो बेंबीवर दोन्ही हात धरून कळवळला. "ताई, पाया पडतो, हसू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने बहिणीकडे काही मागितलं होतं, पण तिला हसू थांबवता येईना.